ठिपक्यांचं भात

फार जुनी गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि आपल्याला सगळं कळतं असं वाटणाऱ्या मोठ्यांनी तर जरूर ऐकावी.

डोंगरांच्या कुशीत एक गाव होतं. गावात भात पिके, आणि भाताचा एक कडक नियम होता. भात पोटरीला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या बेतात आल्या, की पाटील सगळ्यांच्या खाचरांतून फिरे. ज्या रोपाच्या पातीवर ठिपका दिसे, ते तिथल्या तिथे उपटून वेशीबाहेर फेकलं जाई. "देवीला डागी भात चालत नाही," असं गाव म्हणे. देवीला कुणी विचारलं होतं कोण जाणे! पुढच्या वर्षाचं बियाणंही बिनडागी रोपांचंच राखत. पिढ्यान्‌पिढ्या असंच चाललं होतं.

त्या गावात ठकूबाई राहत होती. एकटी, काटक, तोंडाने तिखट. तिचं एकच खाचर होतं, आणि त्यात डोंगरातल्या माहेराहून आणलेलं बियाणं. त्यावर तिची चूल पेटे.

एका वर्षी तिला आपल्या रोपांवर बारीक तपकिरी ठिपके दिसले. मोहरीच्या दाण्याएवढे. पाटलाने पाहिलं तर सगळं खाचर उपटायला लावेल. त्यापेक्षा डागी रोपं आपणच काढावीत म्हणून तिने एकाला हात घातला.

"अगं, सोड! मुळासकट उपटतेस की काय?" रोप ओरडलं.

ठकूबाई दचकली, पण दबली नाही. "तोंड आहे तर तुला! मग सांग, हा रोग कुठून आणलास?"

"रोग आला होता, आता नाही. तो पातीला जिथे शिवला, तेवढी जागा मीच जाळून टाकली. त्याला खायला हिरवं काही ठेवलंच नाही. तू बघतेस ती त्या जागेची राख."

"मग आधीच का नाही जाळून बसलात? तो फिरकलाच नसता."

रोप हसलं. "तू दिवसभर काठी घेऊन दारात बसलीस, तर भाकरी कोण भाजेल? आमच्या दाण्यात एक राखणदार असतो, आणि त्याला आवरणारी घरधनीणही असते. रोगाचा पाय वाजेपर्यंत ती त्याला निजवून ठेवते. वाजला की उठवते. काम झालं की पुन्हा निजवते. तो सदा जागा राहिला तर लोंबी भरणार नाही, आणि कधीच उठला नाही तर लोंबी राहणार नाही. माझ्या आईने हे मला दाण्यातून दिलं. मीही देईन. तू उपटलं नाहीस तर."

ठकूबाईने हात काढून घेतला.

दुसऱ्या दिवशी पाटील आला, मागे निम्मं गाव.

"ठकूबाई, सगळं खाचर डागलंय. उपटा."

"उपटणार नाही."

"काय म्हणालात?"

"कान दुखतात का, पाटील? हे भात रोगी नाही. रोगाला पुरून उरलंय. रोपानेच सांगितलं मला."

लोक खो खो हसले. "म्हातारी रोपांशी बोलते!"

"तुमच्याशी बोलण्यापेक्षा बरं. ती ऐकून तरी घेतात."

पाटील लाल झाला. "आणि तुमच्या डागांनी गावाचं पीक बुडालं तर?"

ठकूबाईने बांधावरच्या बाभळीचा काटा मोडून त्याच्या हातात दिला. "घ्या. हव्या त्या ठिपक्याच्या कडेला भोक पाडा. दिवाळीच्या अमावस्येपर्यंत ठिपक्याने भोक ओलांडलं, तर खाचर मी उपटीन आणि गावही सोडीन. नाही ओलांडलं, तर तुमचा नियम गेला."

पाटलाने मुद्दाम सगळ्यांत मोठा ठिपका शोधला आणि त्याला अगदी खेटून भोक पाडलं.

मग धुकं उतरलं. उन्हाचं नाव नाही, पातींवरचं दव हटेना. भाताच्या त्या रोगाला, करप्याला, हेच हवं असतं. ठकूबाई रोज बांधावर बसून त्या भोकाकडे बघे. तोंडावर काही दिसू दिलं नाही तिने, पण सोबत आणलेली भाकरी रोज तशीच परत नेई. खाचर गेलं तर जायचं कुठे? माहेरी आता कुणी उरलं नव्हतं.

अमावस्येला पाटील धापा टाकत आला, मागे सगळं गाव. "तुमचा रोग माझ्या शेतात घुसला!" त्याच्या हातात त्याच्याच शेतातलं बिनडागी वाणाचं रोप होतं. पातीभर डोळ्यांसारखे राखाडी डाग, एकमेकांत मिसळलेले. लोंबीची मान मोडून लटकत होती.

"आधी भोक बघा," ठकूबाई म्हणाली.

पाटील वाकला. गाव वाकलं. ठिपका भोकाच्या अलीकडेच होता, होता तेवढाच. आणि वर लोंब्या दाण्यांच्या भाराने झुकल्या होत्या.

"रोग धुक्यावर बसून सगळ्यांकडे आला, पाटील. माझ्या दारी त्याला राखणदार भेटला. तुमच्या दारी कोण भेटणार? ज्या रोपाने रोग मारून अंगावर ठिपका मिरवला, ते तुम्ही उपटलंत. ज्याची रोगाशी गाठच पडली नव्हती, त्याला बियाण्याला ठेवलंत. आजोबा-पणजोबांपासून आपलेच पहारेकरी वेशीबाहेर फेकत आलात!"

गर्दीतून गावातली एक सून पुढे झाली. "ठकूकाकी, आम्हाला बी द्याल?"

"देईन की. घरटी मूठमूठ देईन. पण वाटायचं पाटलांनी, आपल्या हाताने."

पाटलाने मान खाली घातली आणि सूप उचललं.

ते वर्ष गावाने नाचणी-वरीवर काढलं. मुठीचं भात वाढत वाढत सगळ्या खाचरांत पोचलं. पुन्हा एकदा धुकं आलं, आठवडे राहिलं, आणि हात हलवत परत गेलं. त्या नवान्नाला ढोल वाजवत गाव देवळात निघालं. सगळ्यांच्या पुढे ठकूबाई, ताठ मानेने. पाटलाने पहिली लोंबी तिच्या ठिपक्यांच्या पातीसकट देवीपुढे ठेवली. देवीने नाक मुरडलं नाही.

म्हणून ध्यानात ठेवा: लढून आलेल्याच्या अंगावरचा व्रण पाहून जो त्याला फेकून देतो, तो संकटाच्या दिवशी एकटा पडतो.