केरबाच्या लग्नाचा पंचनामा

घाटाच्या पायथ्याला खडकवस्ती म्हणून एक गाव होतं, आणि त्या गावात केरबा नावाचा एक भोळा गडी होता.

भोळा म्हणजे केवढा, तर लहानपणी आई एकदा म्हणाली, "पावणं आलं की उठून उभं राहावं." पाहुणे चार दिवस राहिले. केरबा चार दिवस उभा.

पण एक गोष्ट त्याला चांगली जमायची. ट्रक चालवणं. तालुक्याला जाऊन तो शिकला, साहेबांसमोर आठचा आकडा काढून दाखवला, गाडी सरळ मागं घेऊन दाखवली, आणि मोठ्या गाडीचं लायसन घेऊन घरी आला. साहेब म्हणाले होते, लायसन कायम जवळ असू दे. म्हणून आंघोळ करतानासुद्धा तो ते दातात धरून बसायचा.

त्याचं लग्न ठरलं होतं. मुलगी शेजारच्या गावची, शेवंता नावाची. तिचे वडील आबा साळुंखे. माणूस सरळ, पण बोलणं तोडून टाकल्यासारखं. ते म्हणाले, "केरबा, अक्षय तृतीयेचा मुहूर्त धरलाय. तवर गाडीवर पक्की नोकरी लागली तर पोरगी तुझी. न्हाई लागली तर त्याच मांडवात दुसरा नवरदेव उभा करीन. मांडव काय वाया घालवायचा न्हाई."

केरबाच्या मनात शेवंता भरली होती. पोहे देताना ती त्याच्या दातातलं लायसन बघून हसली होती. त्या दिवसापासून त्याला जेवण गोड लागत नव्हतं. म्हणून तो दुसऱ्याच दिवशी ट्रकच्या अड्ड्यावर गेला.

पण नव्या ड्रायव्हरची गंमत अशी असते. मालक म्हणतो, आधी विम्याचा माणूस हो म्हणू दे. विम्याचा माणूस म्हणतो, आधी कुठंतरी गाडी चालवून ये. आणि चालवायची गाडी तर मालकाचीच. माणूस गोल गोल फिरतो आणि चपला झिजतात.

केरबा पहिल्यांदा जगताप शेठकडं गेला. शेठ कागद चाळत होते. मान वर न करता म्हणाले, "अनुभव किती?"

"काहीच न्हाई शेठ," केरबा म्हणाला. "तुमचीच पहिली गाडी. आपटली तर तुमचीच आपटंल आन् शिकलो तरी तुमच्यावरच शिकीन."

शेठनी त्याला दार दाखवलं. केरबानं दार बघितलं. चांगलं सागवानी होतं. मग शेठनी त्याला दाराबाहेर काढलं.

अड्ड्यावर चहाच्या टपरीजवळ उस्मानचाचा बसायचे. तीस वर्षं ट्रक चालवून त्यांचे गुडघे गेले होते, पण कुणाला चार गोष्टी सांगायला गुडघे लागत नाहीत. केरबानं सगळं सांगितलं. चाचा म्हणाले, "असं न्हाई म्हणायचं रं बाबा. शिकताना चालवली, मामाचा ट्रॅक्टर चालवला, बैलगाडी हाकली, ते समदं धरायचं आन् म्हणायचं, पहिला कसला? धा वर्षं हेच करतोय. चार मालकांकडं केलं, एकाची तक्रार न्हाई."

"बरं चाचा. फुडच्या खेपेला तसंच म्हणतो."

आणि पाठ करत करत तो विम्याच्या कचेरीत गेला. तिथं घोरपडे नावाचे तरुण साहेब होते. नेमस्त माणूस, सगळं विचारून विचारून वहीत उतरवणारा. त्यांनी वही उघडली आणि विचारलं, "आजवर एखादा अपघात केलायस का?"

"एखादा कसला साहेब?" केरबा छाती काढून म्हणाला. "धा वर्षं हेच करतोय. चार मालकांकडं केलं. एकाची तक्रार न्हाई."

घोरपडे साहेबांनी पेनाला टोपण लावलं. "तक्रार करायला कुणी शिल्लक राहिलं का?"

"ते काय मी मागं वळून बघितलं न्हाई," केरबा म्हणाला.

साहेबांनी वही मिटली. केरबा परत टपरीवर.

"अरे, अपघाताला तसं न्हाई म्हणायचं," चाचा म्हणाले. "तिथं कानाला हात लावायचा आन् म्हणायचं, नाव काढू नका. जन्मात एकदा न्हाई. माझ्या बापानं न्हाई, आज्यानं न्हाई, आन् म्हातारा होईस्तवर मी बी न्हाई."

"बरं चाचा. फुडच्या खेपेला तसंच म्हणतो."

दुसऱ्या दिवशी तो काशिनाथशेठकडं गेला. त्यांच्या गाड्या घाटातून सिमेंट वाहायच्या. शेठनी अनुभव विचारला नाही, अपघात विचारला नाही. त्यांना एकाच गोष्टीची काळजी होती. ते म्हणाले, "घाट उताराचा आहे. ब्रेक वेळच्या वेळी मारतोस ना?"

केरबानं कानाला हात लावला. "नाव काढू नका शेठ. जन्मात एकदा न्हाई. माझ्या बापानं न्हाई, आज्यानं न्हाई, आन् म्हातारा होईस्तवर मी बी न्हाई."

शेठनी विचारलं, "मग तुझा बाप आणि आजा थांबायचे कसे?"

"बैल थांबले की थांबायचे."

काशिनाथशेठ स्वतः उठून त्याला वेशीपर्यंत सोडायला आले. वाटेत कुठल्या गाडीला त्याचा हात लागू नये म्हणून.

चाचांनी या वेळी दोन चहा घेतले, मग बोलले. "ब्रेकचं इचारलं तर म्हणायचं, समोर दिसलं की थांबतो. म्हैस असो, माणूस असो. कितीबी घाई असली तरी न थांबता कधी फुडं गेलो न्हाई."

"बरं चाचा. फुडच्या खेपेला तसंच म्हणतो."

आता अक्षय तृतीयेला आठ दिवस राहिले होते. आबांचा निरोप आला की मांडवाचे खांब रोवलेत, दुसरा नवरदेवही बघून ठेवलाय, फक्त त्याचं माप घ्यायचं राहिलंय. केरबा धावत पुन्हा घोरपडे साहेबांकडं गेला आणि हात जोडले. साहेब मनानं चांगले. त्यांनी परत वही उघडली.

"बरं, अपघाताचं राहू दे. दारूचं काय? रस्त्याला दुकान दिसलं तर?"

"समोर दिसलं की थांबतो साहेब," केरबा म्हणाला. "कितीबी घाई असली तरी न थांबता कधी फुडं गेलो न्हाई."

"आणि दोन दुकानं लागोपाठ असली तर?"

"तर दोनदा थांबतो."

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं, आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

चाचांना हे कळलं तेव्हा त्यांनी हातातला चहा खाली ठेवला. मग शांतपणे म्हणाले, "केरबा, तू पितोस का?"

"न्हाई चाचा. वासानं मळमळतं."

"मग असं म्हण, बाळा. मी हात लावत न्हाई. मालकानं स्वतः हातात दिली तरी नको म्हणीन. समोर आणून ठेवली तरी तोंड फिरवीन."

"बरं चाचा. फुडच्या खेपेला तसंच म्हणतो."

अड्ड्याच्या टोकाला ताराबाई म्हणून एक मालकीण होत्या. नवऱ्यामागं त्यांनी दोन ट्रक सांभाळले होते. पण ड्रायव्हर टिकत नव्हते. एक किल्ली घेऊन पळाला होता, आणि दुसरा किल्लीसकट ट्रक घेऊन. आत्ता द्राक्षाच्या पेट्या भरून गाडी उभी, आणि चालवायला माणूस नाही. योगायोगानं घोरपडे साहेबही तिथंच होते, गाडीचा विमा पुढं चालू करायला आलेले.

केरबा समोर येताच बाईंनी काही विचारलं नाही. लायसन बघितलं, ते किंचित ओलं होतं, आणि सरळ किल्ली पुढं केली. "घे. निघ."

केरबानं दोन्ही हात पाठीमागं घेतले. "मी हात लावत न्हाई, बाई."

"अरे, घे की."

"मालकानं स्वतः हातात दिली तरी नको म्हणीन."

बाईंनी किल्ली टेबलावर ठेवली. केरबानं तोंड भिंतीकडं फिरवलं.

ताराबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "साहेब," त्या म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत किल्ली दिसली की झडप घालणारेच बघितले. किल्लीला हात न लावणारा हा पहिलाच. ह्याला लिहा."

घोरपडे साहेब पेन गालाला लावून विचार करत राहिले. "हा किल्लीला हात लावणार नाही, म्हणजे गाडी सुरू होणार नाही," ते म्हणाले. "गाडी सुरू होणार नाही, म्हणजे अपघात होणार नाही. आमच्या कंपनीला इतका बिनधोक ड्रायव्हर आजवर मिळालेला नाही." आणि त्यांनी शिक्का मारला.

नोकरी लागली, विमाही झाला. फक्त द्राक्षं जागेवर होती. शेवटी चाचांना टपरीवरून उचलून आणावं लागलं. ते म्हणाले, "केरबा, ती बाटलीची गोष्ट होती. किल्लीला लाव हात." मग केरबानं हात लावला आणि द्राक्षं अशी नेली की एक मणी फुटला नाही.

परत आल्यावर चाचांनी त्याला जवळ बसवलं. "आता एक शेवटचं सांगतो. वाटंत टक्कर झाली तर गाडी जाग्यावरनं हलवायची न्हाई. कुणाला हात लावू द्यायचा न्हाई. भवती रेघ मारायची आन् विम्याच्या माणसाला बोलवायचं. तो आला की सांगायचं, मी माझ्या बाजूला उभा होतो, समोरची अंगावर आली. आन् गाडी पारच कामातनं गेली असली तर म्हणायचं, टोटल लॉस लिवा. म्हणजे जुनी ते घेऊन जातात आन् नवीची सोय हुती."

"बरं चाचा. तशी येळ आली तर तसंच करतो."

अक्षय तृतीया आली. ताराबाईंनी वऱ्हाडासाठी ट्रक दिला. मुंडावळ्या बांधून केरबानं स्वतःच वऱ्हाड आणलं, आणि मांडवाच्या दाराशी गाडी अशी लावली की आबांनी पुढं येऊन त्याला मिठी मारली. "पक्की नोकरी," ते चार जणांना सांगत सुटले. पंगतीची पहिली पानं मांडली होती. ताराबाई आल्या होत्या, चाचा आले होते, घोरपडे साहेबही आले होते.

मंगलाष्टकं झाली. अक्षता पडल्या. अंतरपाट बाजूला झाला आणि ताशेवाल्यांनी एकदम सुरुवात केली. शेवंतानं हार उचलला. तिला सोपं जावं म्हणून केरबा पुढं वाकला. त्याच वेळी तीही टाचा उंचावून पुढं झाली.

दोघांची डोकी टक्कन आपटली.

शेवंतानं कपाळ चोळायला हात वर नेला, तर केरबा म्हणाला, "हलायचं न्हाई. कुणी जाग्यावरनं हलायचं न्हाई."

त्यानं पाटाजवळची रांगोळी घेतली, वाकला, आणि शेवंताच्या पायांभोवती नीट रेघ मारली. मग स्वतःच्या पायांभोवती मारली.

"जावईबापू," आबा म्हणाले, "हार घालून घ्या आधी."

"आबा, हात लावू नका. विम्याच्या सायबांना बोलवा."

भटजी घड्याळ बघून म्हणाले, "मुहूर्त बारा बावीसपर्यंतच आहे. पाच मिनिटं राहिली."

मागून चाचा ओरडून सांगत होते की ती गाडीची गोष्ट होती. पण ताशाच्या आवाजात त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत होते. केरबाला वाटलं, चाचा शाबासकी देतायत.

घोरपडे साहेबांना पानावरून उठवून आणलं. मांडवात शंभर माणसं गप्प, नवरी हार धरून रेघेत उभी, हे बघून त्यांचा हात सवयीनंच खिशातल्या वहीकडं गेला. "काय झालं?"

"मी माझ्या बाजूला उभा होतो साहेब," केरबा म्हणाला. "समोरची अंगावर आली."

"नुकसान?"

"टोटल लॉस लिवा."

साहेबांचं पेन थांबलं. "केरबा, नीट विचार कर. टोटल लॉस लिहिलं की जुनी आमच्याकडं जमा होते. मग तुझा तिच्यावर हक्क राहत नाही."

"म्हाईत हाय साहेब. सही कुठं करू?"

आणि त्यानं वळणदार अक्षरात सही केली. ताशेवाल्यांनीही हात आवरले.

आबांनी ती सही बघितली. मग साहेबांकडं बघितलं. "साहेब, नोकरी पक्की का?"

"पक्की आहे."

"लगीन?"

"राहिलंय."

कोपऱ्यातल्या एका म्हाताऱ्यानं साहेबांना दोनच प्रश्न विचारले आणि अर्ध्या मिनिटात पाहुणेसंबंध काढून दिला. साहेब आबांच्याच मावशीच्या दिराच्या सोयऱ्यातले निघाले.

"दोन मिनिटं," भटजी म्हणाले.

आबांनी लेकीला विचारलं, "शेवंता, तुझं काय म्हणणं?"

शेवंताच्या कपाळावर टेंगूळ आलं होतं. ती केरबाकडं बघून म्हणाली, "मी टोटल लॉस व्हय रं?" केरबानं मान डोलावली. त्याला वाटलं, तीपण साक्ष देतेय.

"आबा," शेवंता म्हणाली, "सही करायच्या आधी विचार कर म्हणून ह्या साहेबांनी निदान सांगितलं तरी." आणि तिनं रेघ ओलांडली.

बारा बावीसला घोरपडे साहेबांच्या गळ्यात हार पडला. त्यांच्या हातात अजून वही होती.

संध्याकाळी केरबानंच नवरा-नवरीला ट्रकमधून साहेबांच्या घरी पोचवलं. सावकाश, खड्डे चुकवत. मग टपरीवर येऊन चाचांशेजारी समाधानानं बसला.

"चाचा, समदं तुमी सांगितल्यावाणी केलं. रेघ मारली, पंचनामा झाला, सही झाली."

चाचांनी नुसता त्याच्या पाठीवर हात ठेवला.

"आता नवी आली," केरबा म्हणाला, "की विमा बी घोरपडे सायबांकडंच उतरवायचा. माणूस लई चांगला हाय. जुनी बघा, त्याच दिवशी घेऊन गेला."