नाबर सरांचा पिवळा बेडूक

“सर, तुमचा तो बेडूक मुळात नसेलच तर?”

यशोधनने विचारून टाकलं. सावंतवाडीला येईपर्यंत हा प्रश्न त्याने मनात शंभरदा घोळवला होता. बेडकांच्या जाती ओळखायला नाबर सरांनीच त्याला शिकवलं, आणि आज तो सरांना शिकवायला आला होता. छाती जरा फुगलेली होतीच.

“कुठला रे? पिवळा?”

“हो.”

नखाएवढा तो पिवळा बेडूक म्हणजे सरांची जन्माची कमाई. नवी जात म्हणून सरांनी त्याला नाव दिलं, ते पुस्तकांत गेलं. त्यांनी शोधलेली जात अशी ही एकच.

“मी तसले पिवळे पाळले, सर. ते वाढले... आणि तपकिरी झाले. ही वेगळी जात नाही. आपल्या साध्या तपकिरी बेडकाचं पिल्लू आहे.”



आता यांचा चेहरा पडणार, म्हणून यशोधन टक लावून बसला. पण बघता बघता त्यानेच नजर खाली वळवली. ज्यांचं बोट धरून शिकलो, त्यांचंच नाव पुसायला निघालो की काय आपण?

“तुम्ही नको म्हणा, सर. माझा लेख नाही छापत.”

सर उठले. एका कपाटातून एक बरणी काढली, समोरच्या कपाटातून दुसरी. एकीत तपकिरी बेडूक. दुसरीत तो पिवळा, स्पिरिटमध्ये राहून राहून पांढराफटक पडलेला. सरांनी चिमट्याने त्या चिमुकल्याला उचललं आणि अलगद मोठ्याच्या बरणीत सोडलं.

“अरे देवा! इतकी वर्षं मी मायलेकरांना वेगवेगळं कोंडून ठेवलं!”

आणि सर असे खो-खो हसले की त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

“म्हणजे... छापू?”

“छाप की! वाट कसली बघतोस?”

यशोधनला इतकं बरं वाटलं की तोही हसत सुटला. छातीही पुन्हा फुगली. त्याने बरणी पुढे ओढली.

“चला, हे एक कायमचं मिटलं, सर. आता यात कुणी काही बदलू शकत नाही.”

असं म्हणत तो दात-ओठ खाऊन झाकण पिळू लागला. सरांनी त्याच्या हातावर हात ठेवला.

“फार घट्ट नको लावूस.”

“स्पिरिट उडून जाईल, सर!”

“थोडं उडेल. तुझ्यानंतर येणाऱ्याला उघडता आलं पाहिजे.”