द्वारका कासारणीच्या आठवणीचा वसा

ऐका बायांनो, द्वारका कासारणीची कहाणी. नदीच्या वळणावर एक आटपाट नगर वसलं होतं. तिथं द्वारका राही. तिला नवरा होता, एक लेक होती, मंजुळा. मायलेकी कसल्या, मैत्रिणीच त्या. एका ताटात जेवत, दारोदार बांगड्या भरायला बरोबर हिंडत, हसत घरी येत.

पुढं काय झालं? द्वारकेला दुखणं लागलं. पावसाळा गेला, हिवाळा गेला, उन्हाळा गेला, दुखणं जाईना. मंजुळेनं आईची कूस वळवली, घास भरवला, पाय चेपले. एके सकाळी लेकीच्या मांडीवर द्वारकेनं प्राण सोडला.

मग मंजुळेनं आईचं नाव घेणं सोडलं. शेजारणीनं काढलं, हिनं कानांवर हात ठेवले. बापानं काढलं, उठून गेली. स्वतःच्या ओठी आलं, ओठ मिटले. घर मुकं झालं.

वर्ष सरलं, तिथी जवळ आली. मंजुळा नदीवर रडत बसली. तिथं आईची बालमैत्रीण ठकू आली.

"का गं रडतेस?"

"मावशी, डोळे मिटले की अंथरूण दिसतं. कण्हणं ऐकू येतं. माझी हसरी आई हरवली गं!"

"आणि मी तिची आठवण कुणापाशी काढू? तू तर दार लावून घेतलंस. बाई, दुखणं म्हणजे द्वारका नव्हे. वसा सांगते, घेशील?"

"घेईन."

"तिथीला तिच्या आवडीचं रांधावं. तिच्या माणसांना जेवू घालावं. ज्यानंत्यानं तिची गोष्ट सांगावी. रडू आलं तर रडावं, हसू आलं तर हसावं, पण उठून जाऊ नये."

मंजुळेनं चुक्याची भाजी केली, भाकरी केली, पानं वाढली. ठकू म्हणाली, "आम्ही चिंचेवर चढलो. फांदी मोडली. पडली ती, रडले मी!" मंजुळा उठू लागली. वसा आठवला, बसली.

शेजारीण म्हणाली, "माझा चुडा भरताना तिनं माझ्या सासूची नक्कल केली. सासू मागंच उभी!" मंजुळेला रडता रडता हसू फुटलं.

मग बाप बोलला, "तुझ्या आईला बघायला गेलो, तर तिनं माझाच हात धरला. बांगडी चढवली. म्हणाली, हातात जोर किती आहे बघते."

मग मंजुळेचं तोंड उघडलं. "मी लहान होते. ओढ्याला पाणी आलं. आईनं मला बांगड्यांच्या पाटीत बसवलं, पाटी डोक्यावर घेतली. येईल त्याला सांगे, ही बांगडी विकायची नाही हो!"

सगळी हसली, सगळी रडली. बाप म्हणाला, "पोरी, भाजी वाढ."

मंजुळेला जशी तिची हसरी आई गवसली, तशी तुम्हाआम्हाला आपापली गेलेली माणसं गवसोत. साठां बोलांची ही कहाणी पाचां बोलांत सांगितली. ती सुफळ होवो, संपूर्ण होवो.