तीन पळ्या तीर्थ

“आणि तुला लघवीला लागली तर गं?”

मठातल्या आक्कांनी विचारलं आणि शलाकाची यादी पहिल्यांदाच अडखळली.

तोवर ती धडाधड सांगत होती. परवा सकाळी मुंबईहून विमान. नऊ तासांनी फ्रँकफर्ट. तिथे चार तास बसायचं. मग दुसरं विमान, आणखी नऊ तास, की आलं कॅनडातलं एडमंटन. नवरा तिकडे नोकरीवर रुजू होऊन चार महिने झाले होते. आता हिने आठ महिन्यांच्या जुईला घेऊन जायचं होतं. एकटीनं.

विमान उडताना आणि उतरताना बाळाला अंगावर घ्यायचं, म्हणजे कान दुखत नाहीत. पाळणा लावता येतो ती जागा आधीच मागून ठेवलेली. नवऱ्याच्या सहीचं संमतीपत्र, तापाचं औषध, चौदा डायपर, कपड्यांचे तीन जोड, नाचणीसत्त्वाच्या पुड्या. प्रत्येक वस्तूला कप्पा ठरलेला, आणि कोणता कप्पा डाव्या हातानं उघडायचा तेसुद्धा ठरलेलं.

शलाका चाकणच्या एका कारखान्यात उत्पादनाचं वेळापत्रक लावायची. तिथली माणसं म्हणायची, ही बाई शिंकायची वेळसुद्धा आधी वहीत लिहून ठेवते.

“जुईला घेऊनच जाणार आत,” ती म्हणाली आणि पोटाशी पट्ट्यांनी बांधलेल्या लेकीच्या पाठीवर तिनं थोपटलं. “हे बघा ना, यात ती बसते आणि माझे दोन्ही हात मोकळे.”

“इमानातला संडास केवढा असतो?”

शलाकानं हातांनी दाखवला.

आक्का हसल्या. ऐंशी ओलांडलेल्या त्या तोंडात आता मोजून तीन दात होते. “म्हंजे आमच्या कोंबड्यांचं खुराडं बरं की.”

“म्हणून मी पाणीच पिणार नाही. म्हणजे अगदी घोट घोट.”

“बाळाला अंगावर पाजतीस नव्हं?”

“हो.”

“आणि पाणी पिणार न्हाईस.”

“जमतं आक्का. मी करून बघितलंय.”

खरंच करून बघितलं होतं. गेल्या रविवारी माहेरच्या माडीवर तिनं प्रवासाची तालीम केली. एक खुर्ची, समोर भिंत, शेजारी बॅग. आईला बजावलं, बावीस तास दाराशी फिरकायचं नाही, मी हाक मारली तरी यायचं नाही. आई बिचारी जिन्याच्या पायरीवर बसून राहिली. जुई तीनदा भोकाड पसरून रडली, दोनदा ओकली, एकदा बाटलीचं झाकण खुर्चीखाली गेलं. शलाकानं सगळं निभावलं.

“बावीस तासांत एकदाही कुणाला हाक मारली नाही,” ती म्हणाली. तिचा चेहरा पहिल्या नंबरानं पास झालेल्या पोरीसारखा झाला होता.

शेवटच्या सहा तासांत डोकं फुटायला आलं होतं आणि जुई दुधासाठी ओढून ओढून चिडत होती, कारण दूध येतच नव्हतं. हे मात्र तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. आक्कांनाही सांगितलं नाही.

आक्कांनी तिचं तोंड निरखून बघितलं.

“संगं कुणी न्हाईच?”

“आईचा व्हिसा नाकारला. मामानं त्याच विमानानं जाणारं इचलकरंजीचं एक जोडपं शोधून काढलं होतं. मी म्हटलं, नको.”

“का गं?”

“अनोळखी माणसाच्या हातात मी जुईला देत नाही.”

हे ती जरा जोरातच बोलली. मठाच्या दाराशी उकिडवा बसलेला एक धनगर चमकून वर बघायला लागला. डोक्याला लाल पागोटं, खांद्यावर घोंगडं, हातात काठी. त्याची मेंढरं खाली माळावर चरत होती आणि तो तीर्थासाठी आपली पाळी यायची वाट बघत होता.

तिच्या आवाजाला कारण होतं. जुई वेळेच्या फार आधी जन्मली. पहिले एकोणीस दिवस ती काचेच्या पेटीत होती आणि शलाका काचेच्या बाहेर. कोणकोणत्या परक्या हातांनी आपल्या लेकीला उचललं, उलटं केलं, सुया टोचल्या, ते तिनं एकोणीस दिवस उभं राहून पाहिलं. विसाव्या दिवशी पोर मिळाली. तेव्हापासून तिनं जुईला घरच्या माणसांपलीकडे कुणाच्या हाती दिलं नव्हतं. वाईट वाटून घेणाऱ्यांनी खुशाल वाटून घ्यावं, असा तिचा खाक्या होता.

आक्कांना हे ठाऊक होतं. एकोणीस दिवस मठात जुईच्या नावानं दिवा त्यांनीच लावला होता.

“बरं,” आक्का म्हणाल्या. “मग आता काय पायजे?”

“तीर्थ घ्यायला आलेय. तीर्थ घेतल्याशिवाय कशी जाऊ?”

बोरवणीच्या मठाची ही रीतच होती. गाव सोडून लांब जाणारा माणूस आक्कांच्या हातचं तीर्थ घेऊनच शीव ओलांडायचा. शलाकाचे वडील दुष्काळात मुंबईला गेले तेही तीर्थ घेऊन. रीत साधीच, पण पक्की. पादुकांपुढे बसायचं, उजव्या तळहाताची वाटी, खाली डावा हात, आणि एकामागून एक तीन पळ्या. तिन्ही स्वतःच्या हातावर घ्यायच्या. बाटलीत भरून न्यायचं नाही, दुसऱ्यानं तोंडात घालायचं नाही.

शलाका मांडी घालून बसली. हात पुढे केला. आक्कांनी तांब्याच्या भांड्यात पळी बुडवली आणि पहिली पळी तिच्या हातावर ओतली.

जुईनं ते चकाकतं पाणी पाहिलं. पट्ट्यांतून दोन्ही हात बाहेर काढून तिनं आईच्या तळहातावर फाडकन चापट मारली.

तीर्थ जमिनीवर.

“राहू दे,” आक्का म्हणाल्या. “पुन्हा.”

या वेळी शलाका हुशारीनं बसली. डाव्या हातानं जुईचे दोन्ही हात धरले, उजवा पुढे केला. पण खाली डावा हात नाही म्हटल्यावर तळहात हलला, आणि जुईनं हातांऐवजी पाय चालवले. एक लाथ. आक्कांच्या लुगड्यावर तीर्थ, पळीवर जुईच्या पायाला लागलेल्या नाचणीच्या लापशीचा शिंतोडा.

दाराशी बसलेला धनगर तोंडावर घोंगडं धरून हसला.

“हिला जरा खाली ठेवते,” शलाका म्हणाली. पण ठेवणार कुठे? एका बाजूला धुनी धगधगत होती, दुसऱ्या बाजूला समई, आणि जमीन ओली. रांगायला नुकतीच शिकलेली पोर. तिच्या वेळापत्रकात याला कप्पाच नव्हता.

आक्कांनी तिसऱ्यांदा पळी भरली.

भरली आणि तशीच धरून बसल्या. ओतली नाही, खालीही ठेवली नाही.

...

“आक्का, तुम्ही ठेवा ना ती. हात दुखेल.”

आक्कांची नजर पळीवरच.

...

म्हातारीचा हात हळूहळू खाली यायला लागला. पळीच्या काठावरून एक थेंब घरंगळला. शलाकाला ते बघवेना. लहानपणी ताप भरला की याच हातानं तिच्या कपाळावर अंगारा लावला होता. तिनं धुनीकडे बघितलं, समईकडे बघितलं, दाराकडे बघितलं.

दारात तो एकच माणूस होता.

तिनं पट्ट्याचा एक खटका उघडला. मग थांबली. ती स्वतःवरच चिडली होती. मग दुसरा खटका उघडला.

“दादा,” ती म्हणाली. आवाज चिरकाच निघाला. “जरा... हिला धरता का?”

धनगरानं काठी भिंतीला टेकवली. दोन्ही हात घोंगड्याला खसाखसा पुसले. मग एक हात मानेखाली, एक बुडाखाली घालून त्यानं जुईला उचललं. त्या हातांना मेंढरांचा वास येत होता, पण ते जराही चाचरले नाहीत.

“लई कोकरं धरल्यात, ताई,” तो म्हणाला. “तीबी अशाच लाथा मारत्यात.”

शलाका पादुकांपुढे बसली. पहिली पळी. ती प्यायली, ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून फिरवला. पण मान सगळा वेळ दाराकडे.

जुईनं पागोट्याचं टोक पकडलं होतं.

ती लगेच उठायला लागली.

“दोन राहिल्या,” आक्का म्हणाल्या.

दुसरी पळी. पागोटं सुटून धनगराच्या नाकावर आलं होतं, आणि जुई हसत होती. मोठ्यानं, पोट हलवून. हे हसू तिनं आजवर फक्त आईसाठी राखून ठेवलंय, असं शलाका समजून चालली होती. तिला एकदम रडू आलं. ते तिनं लपवलं नाही.

तिसरी पळी घेताना तिनं डोळे मिटले. पाणी थंड होतं, तुळशीचं. तेव्हा तिला कळलं की आपल्याला सकाळपासून तहान लागली आहे.

आक्कांनी पुन्हा पळी भरली. “ये रं बिरा. तुझी पाळी.”

बिरा पुढे आला आणि अवघडून उभा राहिला. त्याचे दोन्ही हात जुईनं भरलेले, नाकावर पागोटं.

“कसं घिऊ, आक्का?”

आक्कांनी पळी धरली ती धरलीच. शलाकाकडे बघितलंसुद्धा नाही.

शलाका उठली. तिनं जुईला घेतलं, आणि मोकळ्या हातानं त्याच्या नाकावरचं पागोटं वर सारून दिलं. बिरा बसला, तीन पळ्या प्याला, डोकं टेकवलं. जाताना त्यानं जुईच्या गालाला एक बोट लावलं.

“कुठं निघाली म्हणायची ही?”

“कॅनडाला.”

“लांब हाय?”

“बावीस तास.”

“मंग हसत जाईल की,” बिरा म्हणाला, काठी घेतली आणि मेंढरांना हाळी देत माळ उतरून गेला.

ऊन कलायला लागलं. शलाकानं जुईला पुन्हा पोटाशी बांधलं आणि बॅग खांद्याला अडकवली. निघता निघता ती उंबऱ्याशी थांबली. तिला वाटलं होतं, आक्का काहीतरी बोलतील. आक्का पळीवरची लापशी फडक्यानं पुसत बसल्या होत्या.

“आक्का, मला काहीतरी सांगा ना. एखादा मंत्र द्या. तिथे वर, कुणी ओळखीचं नसताना ही रडायला लागली, तर म्हणायला.”

आक्का पळी पुसतच राहिल्या. ती लख्ख झाली तरी पुसत राहिल्या...

“इमानात बसलीस की...”

“हं?”

“पोटभर पाणी पी.”