भिंगरीच्या शेंगा

रानात शाळा होत्या आणि त्यांच्यात शर्यती लागत, तेव्हाची ही गोष्ट. बघायला येणारे टोपल्या भरभरून शेंगा देत आणि शाळांची कोठारं भरत. धावणाऱ्यांना मात्र चारा आणि धडे, बस्स. कुणी कुणाचा धावपटू पळवू नये म्हणून धावणाऱ्यांना शेंगा द्यायच्याच नाहीत, असं सगळ्या शाळांनी आपसांत ठरवूनच टाकलं होतं.

भिंगरी हरणी सगळ्यांत वेगवान. उजाड टेकडीवरच्या आईसाठी तोंडभर शेंगा न्याव्यात, एवढीच तिची आस. तिनं त्या मागितल्या.

"अगं, तू हौसेनं धावतेस. हौसेचं कसलं मोल?" शेंग सोलत अस्वलगुरुजी म्हणाले.

भिंगरीनं रानाचा न्याय करणाऱ्या हत्तीकडे दाद मागितली. हत्ती गरजला, "संगनमत करून कुणाचा घास अडवायचा नाही!"

गुरुजी लगेच सिंहाकडे धावले. "महाराज, आमचं संगनमत चालेल असा कायदाच करा." सिंह विचारात पडला आणि हत्तीचा निकाल लटकला. तोवर भिंगरीचे पाय थकले. आईही गेली.

बऱ्याच वर्षांनी एकदा टेकडीवर शर्यतीचा ढोल ऐकू आला, तसे भिंगरीचे खूर आपोआप थरथरले.

"आई, तिथं जिंकल्यावर काय मिळतं गं?" तिच्या पाडसानं विचारलं.

"टाळ्या. पार इथवर ऐकू येतात. तुझी आजी उपाशीपोटी त्याच ऐकत बसायची."