सावऱ्याचा फेटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, आणि राजाचं नाव तर तेव्हाही लोकांच्या लक्षात राहत नसे. एका तलावाच्या दोन काठांवर दोन गावं होती. तलाव एक, पाट एक आणि पिणारी तोंडं मात्र दोन. उन्हाळ्यात पाटाची पहिली पाळी कुणाची, यावरून दर साली डोकी फुटत.

शेवटी दोन्हीकडच्या जाणत्यांनी ठरवलं, की डोकी फोडण्यापेक्षा चेंडू बडवावा. माघ सरला की तलावाच्या सुकलेल्या काठावर चेंडूफळीचा सामना रंगू लागला. एका गावचा फेक्या चेंडू फेकी, दुसऱ्या गावचा गडी लाकडी फळीने तो टोलवी आणि धावत जाऊन समोरच्या खांबाला शिवून परत येई. परत आला की एक फेरी झाली. चेंडू मागच्या खुंटाला लागला की गडी बाद. ज्या गावाच्या फेऱ्या जास्त त्याला पहिलं पाणी. दुसऱ्या गावाने उरलं तर घ्यावं, आणि भर उन्हाळ्यात किती उरतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

सकाळपासून फेकून पहिल्या फेक्याचा हात भरून येई. मग ऊन उतरताना ताज्या दमाचा दुसरा फेक्या मैदानात येई. बिघडलेलं सावरायला येतो म्हणून त्याला सावऱ्या म्हणत. सावऱ्याला गाव केशरी फेटा बांधी. तो फेटा कुणी हिसकावून घ्यायचा नाही. सावऱ्याने आपण होऊन उतरवला तरच दुसऱ्याच्या डोक्यावर जायचा, अशी रीत होती.

चेंडू मात्र साऱ्या गावाचा. घरटी एक चिंधी गोळा करायची, एकावर एक गुंडाळायची आणि वरून सुतळीने आवळायची. त्यामुळे पारावर बसलेला जो तो खेळाबद्दल बोलायला मोकळा. "का बोलू नये? चेंडूत माझीबी चिंधी हाय!" एवढं म्हटलं की त्याला गप्प करणं कुणाच्या बापाला जमत नसे.

आपल्या गोष्टीतल्या गावचा सावऱ्या होता रखमाजी कुंभार. आणि ही गोष्ट ज्याची आहे तो कोंडाजी. याचा पानमळा होता. नागवेलीचं पान मोठं नाजूक. वैशाखात पाण्याची पाळी चुकली की वेल माना टाकते. कोंडाजीच्या बापाने लावलेला मळा होता तो, आणि पोट त्याच्यावरच होतं.

रखमा आणि कोंडा लहानपणापासूनचे जोडीदार. चिंचेच्या झाडावर धोंडे मारत दोघांचे हात तयार झाले. दोघांत एकेक खोड होती. रखमा घाबरला की चेंडू बोटांत धरायचं सोडून तळहातात आवळी, मग चेंडू वरून निघून जाई. कोंडाचा पुढचा पाय बाहेर पडे, मग त्याचा चेंडू भलतीकडे भरकटे. माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही, तशी स्वतःची खोडही दिसत नाही. म्हणून ते एकमेकांना हाकारत. "बोटं!" असं कोंडा ओरडे. "पाय!" असं रखमा ओरडे. एवढ्या दोन शब्दांवर दोघांची नेमबाजी चालली होती.

मग गावाने सावऱ्या निवडला. फेटा रखमाच्या डोक्यावर बसला आणि कोंडाची वाचा बसली.

म्हणजे बोलायचा तो, पण "बोटं" हा शब्द काही त्याच्या तोंडून निघेना. रखमाला जत्रेत गुळाचा पहिला खडा मिळे, तो कोंडाच्या घशात अडके. बायाबापड्या रखमावरून मीठमोहऱ्या उतरून टाकत, आणि कोंडाच्या डोळ्यांची आग होई. एकदा तर त्याचीच बायको ताकाचा लोटा झाकून ठेवत म्हणाली, "रखमाजी भावजी यायचेत, त्यांना लागंल." त्या दिवशी कोंडा ताकाशिवाय जेवला आणि वर पोट दुखतं म्हणाला. ते मात्र खरंच दुखत होतं.

दोन साली रखमाने गाव तारलं. तिसऱ्या साली मात्र काय झालं कुणास ठाऊक, सरावात त्याचे चेंडू खुंट सोडून आभाळाला भेटायला जाऊ लागले. सुरुवात कशी झाली हे लोकांना कळलं नाही, पण कोंडाला पहिल्या दिवशीच कळलं. मूठ. घट्ट आवळलेली मूठ. त्याला हाक द्यायचं तेवढं काम, आणि तो ओठ मिटून बसला.

पारावर मात्र नुसता कल्ला.

"ह्यो रातचं दही खातो, म्हणून खांदा धरलाय," तेली म्हणाला.

"खांदा न्हाई, डोळा! त्याला लांबचं दिसंना," शिंपी म्हणाला.

"काय बी न्हाई," तिसरा म्हणाला. "चाक फिरवून फिरवून त्याचं मनगट एका अंगाला गेलंया. कुंभाराला सावऱ्या करू नये, हे मी तवाच म्हटलं हुतं."

"तू? तूच तर त्याला खांद्यावर घेऊन नाचत हुतास!"

"नाचलो असंन. चेंडूत माझीबी चिंधी हाय."

गावचे म्हातारे आबा काठी टेकून म्हणाले, "अरे, ज्यानं त्याच्यासंगं लहानपणी धोंडे मारले त्याला तरी इचारा. कोंड्या, तुला काय वाटतं रं?"

सगळ्या माना कोंडाकडे वळल्या. खरं तर तो क्षण बरा होता. एक शब्द टाकायचा आणि घरी जायचं. पण खरं सांगू? कोंडा तिथे बसून जळत होता. लोक दिवसभर रखमाला शिव्या घालत होते, आणि याला त्या शिव्यांचाही हेवा वाटत होता. वाईट बोलतील, पण बोलतील रखमाबद्दलच! आपल्याला शिव्या द्यायचंही कुणाला सुचत नाही, या विचाराने त्याचा जीव कासावीस झाला.

"मला काय कळतंय," तो म्हणाला. "तेली म्हणतो तसं खांद्याचंच असंल."

संध्याकाळी रखमा स्वतः पानमळ्यात आला. तोंड उतरलं होतं. मळ्याच्या बांधावर बसून तो म्हणाला, "गड्या, साऱ्या गावानं मला शहाणं करून सोडलंय. दही सोडलं, डोळ्यात काजळ घातलं, मनगटाला तेल चोळलं. काय बी उपेग न्हाई. तू पाहतोस न्हवं? माझं काय चुकतंय? तू सांगशील त्यावर माझा भरवसा."

कोंडाने एक पिकलं पान खुडलं. त्याच्या मनात हिशोब पक्का होता. रखमा कोसळणार. मग फेटा उतरवावाच लागणार, आणि तो आपल्याशिवाय जाणार कुणाकडे? सामना आपण जिंकून देऊ. पाणीही येईल, नावही होईल. यात गावाचं कुठे नुकसान आहे?

"खांदा," तो म्हणाला. "खांदा वर उचलून फेक. आन् चेंडू सुटू देऊ नगंस, चांगला आवळून धर."

रखमाने त्याचा हात हातात घेतला. "तू हायेस म्हणून," एवढंच बोलून तो गेला. कोंडाला तो हात जरा जड वाटला. पण वाटणं आणि वागणं यांची गाठ पडली असती, तर जगात एवढी भांडणं झालीच नसती.

सामन्याचा दिवस उजाडला. दोन्ही गावं काठावर लोटली. आपल्या गड्यांनी आधी आपल्या फेऱ्या काढून घेतल्या. मग पहिल्या फेक्याने जीव तोडून फेकलं आणि ऊन उतरताना आपलं गाव चांगलं पुढे होतं. रखमा फेटा बांधून आला. खांदा वर, मूठ घट्ट. पहिला चेंडू गेला वरून. दुसरा गेला वरून. पलीकडच्या गावाने मग नुसती वाट पाहावी, सोपा चेंडू आला की ठोकून काढावा, आणि खांबाला शिवून हसत परत यावं. बघता बघता फेऱ्या समसमान झाल्या. बरोबरी राहिली तर मागच्या साली जिंकलेल्याची पाळी कायम, असा नियम होता. म्हणजे आपल्या गावाला एवढंच करायचं होतं, की पलीकडचा शेवटचा गडी बाद करायचा. त्याने एक फेरी काढली की पाणी गेलं.

काठावरून नुसता गलका उठला. "काढा त्याला! फेटा उतरव, रखमा!" जो तो आपल्या चिंधीची आठवण देत होता.

रखमाने मान खाली घातली. फेटा उतरवला आणि सरळ चालत कोंडापाशी आला. स्वतःच्या हाताने त्याच्या डोक्यावर बांधला.

"मला न्हाई जमलं," तो म्हणाला. "तुझा हात चांगला हाय. वाचव गड्या गावाला."

ज्या घडीची कोंडाने एवढी वाट पाहिली ती ही. फेटा डोक्यावर होता आणि सारं गाव त्याचं नाव घेत होतं. पण गाव नाव घेऊ लागलं की नेम धरणं किती अवघड, हे काठावर बसून कळत नाही. कोंडाने पहिला चेंडू फेकला. पाय पडला बाहेर, चेंडू गेला खुंटाच्या डावीकडून. दुसराही तसाच. काठावर कुजबुज सुरू झाली. "ह्याचाबी खांदा धरला वाटतं!"

तेवढ्यात काठावरून एक ओळखीची हाक आली. "कोंड्या, पाय!"

रखमा ओरडत होता. उभा राहून, दोन्ही हात तोंडाशी धरून. "पाय! पाय आत घे!"

कोंडाने ऐकलं. स्वच्छ ऐकलं. आणि त्याच्या मनात काय आलं असेल? 'हा मला खरं कशाला सांगंल? मी ह्याला सांगितलं का? फेटा गेला म्हणून पोट दुखतंय ह्याचं. मला पाडायला बघतोय.' बालपणीची ती हाक त्याच्या कानांनी ओळखली, पण मनाने ओळखली नाही. त्याने ओठ चावला आणि पाय होता त्याहून बाहेर टाकला.

चेंडू गडगडत, लोळत फळीवर आला. पलीकडच्या गड्याने तो असा टोलवला, की तो काठ ओलांडून थेट तलावात पडला. गडी चालतच खांबापर्यंत गेला आणि चालतच परत आला. साऱ्या गावाच्या चिंध्यांचा चेंडू पाण्यावर थोडा वेळ तरंगला, मग पाणी पिऊन जड झाला आणि बुडाला. त्या साली आपल्या गावाच्या वाट्याचं पाणी त्या एकट्या चेंडूनेच प्यालं म्हणायचं.

लोक पांगले. पारावर जाऊन कोंडाचं काय चुकलं यावर वाद घालायला त्यांना रात्र पुरणार नव्हती. कोंडाला हवं होतं तसंच झालं. आता सारं गाव त्याच्याबद्दलच बोलत होतं.

तो फेटा हातात घेऊन मळ्याच्या बांधावर बसला. थोड्या वेळाने रखमा शेजारी येऊन टेकला.

"मी ओरडलो हुतो," रखमा म्हणाला. "गलका लई हुता. तुला ऐकू नसंल आलं."

"आलं हुतं," कोंडा म्हणाला.

"मग?"

कोंडाने फेटा रखमाच्या मांडीवर ठेवला आणि इतक्या सालांत पहिल्यांदाच, लाजेने खाली बघत म्हणाला, "बोटं, रखमा. खांदा न्हवता. तुझी बोटं चुकत हुती."

रखमाने एकदा आपल्या मुठीकडे पाहिलं आणि एकदा त्याच्याकडे. मग तो फेटा घेऊन उठून गेला. पुढच्या साली त्याने चेंडू बोटांत धरला आणि गावाला पाणी मिळवून दिलं. पण ते पाणी पुढच्या सालचं. त्या वैशाखात पाट कोरडा पडला, बापाने लावलेल्या वेलींनी माना टाकल्या, आणि बायकोबरोबर घागरी वाहून वाहून कोंडाला एक वाफा तेवढा वाचवता आला. पाण्याला जाताना वाटेत कुणी भल्याचं सांगितलं, तरी आधी त्याच्या मनात शंकाच येई, आणि ती काही शेवटपर्यंत गेली नाही.

म्हणून लहानथोरांनो, ध्यानात धरा: मत्सराने जो दुसऱ्याला खोटं सांगतो, त्याला स्वतःच्या भल्याचं खरंही खोटंच ऐकू येतं.