हैबतीचं गाणं

लहानथोरांनो, ऐका. फार पूर्वी, डोंगरांपलीकडच्या एका गावात म्हाळसा नावाची बाई राहायची. गाणी जुळवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. बारसं असो की लग्न, दोन ओळींत ती सगळा मांडव हसवायची.

त्याच गावात हैबती नावाचा आचारी होता. बायको वारलेली, एकुलती लेक दूरच्या गावी दिलेली. अंगरख्यावर कायम हळदीचे डाग.

एका वर्षी पीक बुडालं. तेव्हा हैबती दारोदार फिरला. घराघरातून मूठ मूठ धान्य आणून त्यानं देवळासमोर मोठी हंडी चढवली. रोज दुपारी सगळं गाव तिथं जेवायचं. माणशी एक पळी. पाटलालाही एक आणि पोरालाही एकच.

एके दिवशी म्हाळसाचा मुलगा दुसऱ्या पळीसाठी हटून बसला.

"पुरवायचं आहे रे बाळा. मागं अजून माणसं आहेत," हैबती म्हणाला.

मुलगा रडत घरी आला. म्हाळसा तरातरा देवळाकडे गेली. पंगत उठली होती आणि हैबती एकटाच हंडीत वाकून तळ खरवडत होता.

तिनं काही विचारलं नाही. परतीच्या वाटेवर रागारागात ओळी जुळल्या :

हैबतीच्या अंगरख्याला भाकरीची गुंडी,
गावाला वाढी पाणी, आपण चाटी हंडी!

पाणवठ्यावर तिनं त्या म्हटल्या. बाया खो खो हसल्या. दिवस मावळेपर्यंत पोरं टाळ्या पिटत तेच गात होती.

चार दिवसांत लोक हंडीत डोकावू लागले. धान्य देणारे हात आखडले. शेवटी पाटलानं पळी हैबतीकडून काढून घेतली आणि आपल्या भावाला दिली. हैबतीनं वाद घातला नाही. मान खाली घालून तो गावाबाहेर पडला.

पाटलाचा भाऊ आधी आपल्या माणसांना वाढायचा. रांगेतल्या शेवटच्यांना रिकामी हंडी दिसू लागली. तेव्हा देवळात झाडलोट करणारी म्हातारी म्हाळसाला म्हणाली, "त्याच्या हातून कधी कमी पडलं नाही गं. सगळ्यांचं झालं की तळ खरवडायचा, हंडी विसळून ते पाणी प्यायचा. तेवढंच त्याचं जेवण."

म्हाळसानं लगेच दुसरं गाणं रचलं, खरं खरं सांगणारं, आणि घरोघरी जाऊन गायलं. लोकांनी माना डोलावल्या. पण त्यात हसू नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते कोणाच्या ध्यानात राहिलं नाही.

पहिलं गाणं मात्र गाडीवानांबरोबर डोंगर उतरून गेलं. कुठं आयांनी त्याची अंगाई केली, कुठं मुलींनी फेर धरला. जत्रेत तर हातात पळी घेतलेली, सुटलेल्या पोटाची बाहुली नाचू लागली. ती म्हणे हैबती!

म्हाळसाचे केस पांढरे झाले. हैबती नदीकाठच्या एका गावात दोर वळून पोट भरतो, असं तिच्या कानावर आलं. ती चालत तिथं गेली.

"हैबतीदादा!"

त्यानं आधी आजूबाजूला पाहिलं. "इथं ते नाव घेऊ नका, बाई."

"ते गाणं मी रचलं, दादा. मी चुकले."

"ठाऊक आहे मला."

"मग दोन शब्द बोला. रागवा तरी."

"राग केव्हाच विरला. पण माझ्या लेकीच्या सासरी पोरं तेच गाणं गातात. आपण त्याच हैबतीची लेक, हे तिथल्या गावात कोणाला कळू नये म्हणून तिनं सांगून टाकलंय, बाप मेला. दहा वर्षं झाली, मी तिच्या दारात गेलो नाही. नातू अजून पाहिला नाही."

"मी जाते. सांगते तिला, खरं काय ते."

"तिला ठाऊक आहे हो. बाकीच्यांना कुठं कुठं गाठाल?"

म्हाळसा उठली आणि परत निघाली.

वाटेत जिथं जिथं पोरं ते गाणं गाताना दिसली, तिथं थांबून तिनं हैबतीची खरी हकिकत सांगितली. पोरं मुकाट ऐकायची आणि ती पुढं गेली की पुन्हा टाळ्या पिटायची. मरेपर्यंत ती तशीच गावोगाव सांगत हिंडली. हैबतीला मात्र लेकीचं दार शेवटपर्यंत दिसलं नाही.

म्हणून सांगतो, कोणाच्या नावानं हसण्याआधी खरं काय ते त्यालाच विचारावं. लोकांच्या तोंडी बसलेली थट्टा मग रचणाऱ्यालाही पुसता येत नाही.